कॅमेरा आला, उपचार कुठे आहे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा माग लवकर लागावा म्हणून हातात मावणारी, कॅमेरा बसविलेली स्वस्त उपकरणे आता मिळू लागली आहेत. पुण्यात घडविलेले ‘स्मार्ट स्कोप’ हे त्यांपैकीच. कॉल्पोस्कोपसाठी रुग्णालय गाठावे लागते; हे उपकरण परिचारिकेच्या पिशवीतून दिव्याच्या चाळीत किंवा कल्याण पूर्वेच्या वस्तीत जाऊ शकते. छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाला दाखविता येते. तपासणाऱ्या एकटीच्या नजरेवरचा भार त्यामुळे हलका होतो, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु या कौतुकात शेजारच्या मुंबईतला अनुभव विसरला जाऊ नये. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. साधन काय होते? सौम्य ॲसेटिक आम्लात भिजविलेला कापसाचा बोळा आणि जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांत तयार केलेल्या बायका! आम्ल लावले की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी तपासणी झाली, दोष आढळलेल्यांवर विनामूल्य उपचार झाले, आणि तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जगजाहीर झाले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही.

अडले होते ते कॅमेऱ्यावाचून नव्हे. दिव्याहून पहाटेची गाडी पकडून ठाण्याला धुणीभांडी करणारी बाई सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात कधी जाणार? खाडा झाला की पगार कापला जातो. शिवाय दोष आढळल्यावर ‘परळला जा’ एवढेच सांगितले, तर ती तपासणी न झाल्यासारखीच. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिली चाचणी म्हणून विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी सुचविते. तेव्हा कॅमेऱ्याचा खरा उपयोग पुढच्या पायरीवर, उपचार ठरविताना आहे. केवळ छायाचित्रांची संख्या मोजून ठेकेदाराला पैसे देणारी योजना आली, तर संगणकात चित्रे साठतील आणि बाया वाटेतच गळतील.

म्हणून ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेपुढे अशा खरेदीचा प्रस्ताव आल्यास कार्यकर्त्यांनी किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रविवारी व संध्याकाळी तपासणी होणार काय, दोष आढळलेल्या बाईच्या घरी पुन्हा कोण जाणार आणि त्या आशासेविकेला मोबदला किती, आणि गोठविण्याचा साधा उपचार त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात मिळणार की नाही.