आधी पाणी, मग पाटी



दिवंगत आप्तांच्या नावाने झाडे लावू दिली तर बागेचे स्मशान होईल, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे. ते पटले नाही. त्यांनी एकदा भुजचे ‘स्मृतिवन’ पाहून यावे. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ ते भुजिया डोंगरावर उभारले आहे. बळींची नावे तिथे पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांवर आहेत आणि कच्छच्या त्या रखरखीत उतारावर आता दाट झाडी वाढते आहे. लोक फिरायला येतात, मुले हुंदडतात. स्मशानकळा कुठे आली?

पाट्यांच्या सुळसुळाटाबद्दलची त्यांची तक्रार मात्र रास्त. आमच्या भागातल्या बागेत एका कडुनिंबापुढे संगमरवरी पाटी लखलखते. पण पेव्हर ब्लॉक पार बुंध्याला भिडलेत, पाणी मुरायला वीतभर आळेसुद्धा नाही. लोखंडी जाळी कुणी वेळेवर काढली नाही, त्यामुळे तिची सळी खोडात रुतून वर साल चढली आहे. नाव मात्र दरवर्षी रंगवून घेतात, हे विशेष!

तेव्हा बंदी नको, अट घाला. तीन उन्हाळे पाणी घालून झाड जगवले, तरच पाटी. शिवाय गुलमोहराचा मोह आवरावा. तो मूळचा मादागास्करचा, वाऱ्यापावसात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. करंज, बहावा, ताम्हण आपल्याकडे असताना तोच कशाला? ताम्हण तर राज्यपुष्प, तरी रोपवाटिकेत आवर्जून मागावे लागते.

– एक वाचक, पुणे