पदवी खेळाडूची, जबाबदारी कोणाची?

सेवेत असताना उत्तरेकडील एका राज्यात क्रीडा कोट्यातून होणाऱ्या ‘गट क’ भरतीच्या निवड मंडळावर मी होतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक मिळवलेला एक मल्ल मुलाखतीला आला. कागदपत्रांत पदवीचे प्रमाणपत्र होते, गुणही बरे होते. एका सदस्याने त्याला रजेचा साधा अर्ज लिहायला सांगितला. दोन ओळींनंतर त्याची लेखणी थांबली. ‘साहेब, तीन वर्षे मी आखाड्यातच होतो. माझा वर्ग कुठे भरतो, हेही मला नीट ठाऊक नव्हते,’ तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. नियमांप्रमाणे तो पात्र होता. आम्ही त्याची निवड केली. परंतु खांद्याच्या दुखापतीने त्याची कुस्ती तोवर संपली होती आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याला टेबलावर बसून काढायची होती. त्या आयुष्याची कोणतीही तयारी त्याच्या पदवीने करून घेतली नव्हती.

शाळेतून महाविद्यालयात जाऊन खेळू इच्छिणाऱ्या खेळाडूला शिक्षणाची किमान अट असावी काय, असल्यास कोणती, हा प्रश्न आपण कधी गांभीर्याने विचारलेलाच नाही. अमेरिकेत त्यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. तो आपल्या धोरणकर्त्यांनी अभ्यासायला हवा. त्यात अनुकरण करण्याजोगे जितके आहे, त्याहून अधिक सावध होण्याजोगे आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ने, म्हणजे एनसीएएने, १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ संमत केले. १९८६ पासून ते लागू झाले. शाळेतील ११ मुख्य विषयांत ४ पैकी किमान २ गुणांची सरासरी आणि ‘सॅट’ परीक्षेत १६०० पैकी ७०० गुण असल्याशिवाय पहिल्या वर्षी खेळता येणार नाही, असा तो नियम होता. हेतू चांगला होता. व्यावसायिक फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली यांनी १९८९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, विद्यापीठात शिकूनही आपल्याला धड वाचता येत नव्हते, अशी कबुली दिली. खेळाडूचे अंग वापरायचे आणि डोके रिकामे ठेवायचे, या प्रथेला आळा घालणे आवश्यकच होते.

पण नियमाचा भार कोणावर पडला? अपात्र ठरलेल्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण फार मोठे होते. ज्यांच्या शाळांत चांगले शिक्षक नव्हते, त्यांच्याकडूनच चांगल्या शाळांचे गुण मागितले गेले. १९८९ मध्ये अशा खेळाडूंची शिष्यवृत्तीही बंद करणारा ‘प्रपोझिशन ४२’ आला, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन सामना सुरू होण्याच्या क्षणी निषेध म्हणून मैदान सोडून गेले. दुसरीकडे टेनिसपटू आर्थर ॲश यांनी कठोर नियमांची बाजू घेतली. आपल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाही त्यांचा अवमानच आहे, असा त्यांचा दृष्टिकोन होता. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही आदरणीय, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. १९९९ मध्ये फिलाडेल्फियातील संघीय न्यायालयाने परीक्षेच्या किमान गुणांची अट कृष्णवर्णीयांवर अन्याय करणारी ठरवली. वरिष्ठ न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला, पण तो संबंधित कायदा एनसीएएला लागू होतो की नाही, या मुद्द्यावर.

त्यानंतरच्या सुधारणांची दिशा मला महत्त्वाची वाटते. आज सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, खेळण्यासाठी शाळेच्या चार वर्षांत १६ मुख्य विषय आणि त्यांत २.३ सरासरी लागते. त्यांपैकी १० विषय शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे लागतात. शेवटच्या सहामाहीत घाईने गुण गोळा करण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली. आणि २०२३ मध्ये प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट रद्दच करण्यात आली. एका दिवसाच्या परीक्षेवरचा भर काढून तो चार वर्षांच्या सातत्यावर दिला गेला. नववीतल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते.

तरीही प्रवेशाची अट पुरेशी नसते, हेही अमेरिकेनेच दाखवून दिले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षे चाललेले कागदी वर्ग २०१४ च्या चौकशी अहवालाने उघड केले. वर्ग भरत नसत, एक निबंध सादर केला की उत्तम श्रेणी मिळे. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे वर्ग सर्वांनाच खुले होते, या कारणाने एनसीएए २०१७ मध्ये शिक्षाही करू शकली नाही. याउलट, जिथे जबाबदारी संस्थेवर टाकली गेली तिथे परिणाम दिसला. प्रत्येक संघातील खेळाडूंची शैक्षणिक प्रगती मोजून तो आकडा जाहीर केला जातो आणि तो मर्यादेखाली गेला तर संघाला किंमत मोजावी लागते. २०११ चे बास्केटबॉल विजेतेपद मिळवणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाला याच कारणाने २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहावे लागले. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. तिथे ‘विद्यार्थी’ या शब्दाची कसोटी आता अधिकच कठीण होईल.

आता आपल्याकडे पाहू. आपली पद्धत प्रामुख्याने सवलतींची आहे. क्रीडा कोट्यात प्रवेशाची टक्केवारी शिथिल होते, हजेरी माफ होते, अनेक राज्यांत शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. या सवलतींमागे सद्भावना आहे, हे मी नाकारत नाही. काही तरतुदी तर खरोखर विचारपूर्वक केलेल्या आहेत. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे दहावी-बारावीचा पेपर हुकल्यास सीबीएसई स्वतंत्र परीक्षा घेते. तीत वेळ मिळतो, दर्जा कमी होत नाही. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा ठेवल्या, मात्र ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ उत्तीर्ण होण्याची अट कायम ठेवली. पण ही शिखरावरची उदाहरणे झाली. सर्वसाधारण महाविद्यालयात खेळाडू ट्रॉफी आणतो आणि त्या बदल्यात महाविद्यालय त्याला काहीही न शिकवता पुढे ढकलते, असा अलिखित करार असतो.

या कराराची चौकशी कोणी करत नाही, याचे एक कारण प्रशासकीय आहे. राज्यघटनेनुसार खेळ हा राज्य सूचीतील विषय, तर शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग आला आणि खेळाडू व विद्यार्थी यांच्या फायली वेगळ्या झाल्या. क्रीडा खाते पदके मोजते, शिक्षण खाते पदव्या मोजते. पदक मिळवणाऱ्याच्या पदवीत काय आहे, हे मोजणे कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. ‘खेलो भारत नीति २०२५’ने शिक्षणाशी सांगड हा आपल्या पाच स्तंभांपैकी एक मानला आहे. तो स्तंभ उभारायचा तर चार गोष्टी कराव्या लागतील, असे मला वाटते.

पहिली, किमान अपेक्षा नववीतच जाहीर व्हावी आणि ती मोजक्या मूलभूत विषयांतील सातत्याची असावी. दुसरी, कोणतीही एकच परीक्षा निर्णायक नसावी. आपली हॉकी सुंदरगढ आणि सिमडेगाच्या आदिवासी खेड्यांतून येते, मुष्टियुद्ध मणिपूर आणि हरियाणातून. महानगरी शाळांच्या मापाची परीक्षा लावली तर १९८६ ची अमेरिकी चूक आपण अधिक क्रूरपणे करू. तिसरी, जो अट घालतो त्याने साधनही पुरवावे. शिबिरात प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ असतो, तसा शिक्षकही असावा. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आणि ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ उपलब्ध आहेत. तीन वर्षांची पदवी खेळाडूने पाच वर्षांत खऱ्या अर्थाने मिळवावी. चौथी, प्रत्येक विद्यापीठाने आपल्या किती खेळाडूंनी शिक्षण पूर्ण केले ते दरवर्षी जाहीर करावे, आणि क्रीडा अनुदान त्याच्याशी जोडावे.

यावर सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण हमखास दिले जाते. प्रतिभेला पदवी लागत नाही, हे खरेच. पण धोरण अपवादासाठी आखायचे नसते. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पुढे कधीच न जाणाऱ्या हजारोंसाठी ते आखायचे असते. खेळ आणि अभ्यास यांचे हाडवैर असते, हेही खरे नाही. दिल्लीच्या तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकताना २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचे उंच उडीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदकही.

शिक्षणाची अट ही खेळाडूपुढची भिंत नसून संस्थेने त्याला दिलेला शब्द असायला हवा. त्या मल्लाकडून आम्ही पदक घेतले आणि मोबदल्यात नोकरी दिली. हिशेब चुकता झाला, असे तेव्हा आम्हा सर्वांना वाटले. मधल्या तीन वर्षांत त्याला जे मिळायला हवे होते, ते मात्र कोणत्याही खात्याने देणे म्हणून लिहून ठेवले नव्हते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)