राबतो एक, वापरतात सारे

'एक्सझेड' हे फायली आवळून लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर. बड्या कंपन्यांच्या सर्व्हरवर ते असते. सांभाळत होता फिनलंडचा एक विकासक, तोही बिनपगारी. तो थकलेला असताना अनोळखी नावांनी तगादा लावला: सूत्रे दुसऱ्याकडे द्या! 'जिया टॅन' नावाच्या मदतनिसाने दोन वर्षे राबून विश्वास कमावला, आवृत्त्या काढण्याचा अधिकार आणि एक्सझेडच्या संकेतस्थळावर शिरकावही मिळवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चोरदरवाजा बसवला. मार्चमध्ये एका अभियंत्याला लॉगिनचा अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून तो सापडला. 'टुकानी' या मूळ संकेतस्थळाच्या किल्ल्या जुन्या विकासकाने कोणाला दिल्या नव्हत्या, हे नशीबच! मग दोष त्या भोळ्या माणसाचा, की त्याच्या फुकट श्रमांवर नफा कमावणाऱ्यांचा? मे महिन्यात दुरुस्त आवृत्ती काढली, तीही त्यानेच.