दाढेच्या खळग्यात काय भरले जाते?

पेढीवर नवे पोते आले की ते उघडण्याआधी माल कोठला, असे विचारण्याची सवय व्यापारी घराण्यांत पिढीजात असते. दंतवैद्याच्या खुर्चीत मात्र तीच माणसे मुकाट्याने तोंड उघडतात. दाढ निघते, खळग्यात पांढरी भुकटी भरली जाते, टाके पडतात. पुढे घरातील कोणी बिलावरचे नाव वाचते आणि ती भुकटी गाईच्या हाडापासून केलेली निघते. जन्मभर रात्रिभोजन वर्ज्य केलेल्या आजोबांना हे कोणी आणि कसे सांगावयाचे?

भुकटी भरण्यास कारण असते. दाढ गेली की तिला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. तेथे इम्प्लांट बसवावयाचे असल्यास हे हाड राखावे लागते. भुकटी ही बांधकामावरील परांचीसारखी असते; तिच्या आधाराने शरीर आपले हाड रचते. झीज ती कमी करते, पूर्ण थांबवीत नाही. इम्प्लांट नकोच असेल, तर पुष्कळदा रक्ताची गुठळीच पुरेशी होते.

गाईच्या हाडातील सेंद्रिय अंश काढून उरलेले खनिज दंतवैद्यकात जगभर वापरले जाते. रुग्णाच्याच जबड्यातील हाड घेता येते. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. मानवी दात्यांचे हाडही मिळते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1988 पासून ऊतिपेढी आहे.

परंतु प्राणिज पदार्थाला पर्याय नाही, हा समज खरा नव्हे. हाडातील पोकळी भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा वापर 1892 मध्येच झाला होता. 1969 मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी जोडली जाणारी काच तयार केली. आज हायड्रॉक्सीॲपेटाइट व ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे पदार्थ कृत्रिम रीतीने बनतात. पहिला फार सावकाश विरतो, दुसरा त्यामानाने लवकर. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनेही अशा जैवकाचेवर काम केले आहे.

खरी फसगत होते ती वरच्या आवरणात. भुकटी कृत्रिम असली तरी तिच्यावरचा पातळ पडदा बहुधा डुकराच्या वा गाईच्या कोलॅजनचा असतो. रक्त थांबविणारा स्पंजही जिलेटिनचा असू शकतो. त्याऐवजी रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात फिरवून केलेला फायब्रिनचा पडदा पुष्कळदा चालतो. म्हणून भुकटी, पडदा आणि स्पंज या तिन्हींचे मूळ वेगवेगळे विचारावे, तेही तपासणीच्या दिवशीच. दवाखान्यात नसलेला माल मागविण्यास वेळ लागतो.

अजाणता काही भरले गेलेच असेल, तर ते काढण्यासाठी बरी होत असलेली जखम पुन्हा उघडण्याचा हट्ट धरू नये. त्यात हाडही जाते. आजोबांच्या मनाचे समाधान महाराजसाहेबांच्या चरणी बसून शोधावे, टाके उसवून नव्हे.