आधी अंदाज, मग बेरीज

फळ्यावर ३४८ + २७६ ही बेरीज दिली की काही मुलांच्या वहीत उत्तर येते ५१४. हातचा राहून गेलेला असतो. एखादा थेट ५१११४ लिहितो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ‘साधारण ३५० आणि २८०, म्हणजे ६३० च्या आसपास’ असे बेरजेआधी म्हणायची सवय असती, तर दोन्ही चुका मुलांच्या स्वतःच्याच लक्षात आल्या असत्या. प्राथमिक वर्गात अंदाज शिकवावा तो यासाठी.

तरीही शिक्षकांचा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. ज्याची स्थानिक किंमत कच्ची आहे, त्याला ३४८ हे ३५० च्या जवळ का, हेच उमगत नाही. त्याच्यापुरता अंदाज हा घोकायचा आणखी एक नियम होतो. तिसरीअखेर अंकज्ञान पक्के करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये ठेवले. द्विशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता सांभाळताना त्यालाच वेळ पुरत नाही.

शिवाय नियम सगळीकडे सारखा चालत नाही. ४२, ३३ आणि ६४ रुपयांच्या तीन वस्तू जवळच्या दशकात धरल्या तर १३० होतात. खरे बिल १३९. १३० रुपयेच घेऊन गेलेल्या मुलाला एक वस्तू परत ठेवावी लागेल. पैसे पुरतील का, हे पाहायचे तर प्रत्येक रक्कम वरच्या दशकात धरावी: ५०, ४०, ७०, म्हणजे १६०. अंदाज कशासाठी करायचा आहे, त्यावर तो कसा करायचा हे ठरते. शिकवायचे ते हे.

अडचण परीक्षेत आहे. अंदाजाच्या प्रश्नालाही एकच उत्तर बरोबर धरले, की मुले आधी खरी बेरीज करतात आणि मग तिला शून्याचा शेवट देतात. अंदाजाचा हेतूच तिथे संपतो.

म्हणून अंदाजाचा वेगळा धडा वाढवू नये. स्थानिक किंमत आणि हातचा यांचा सराव आधी पक्का व्हावा. त्यात तडजोड नको. मात्र तो झाल्यावर प्रत्येक बेरजेआधी ‘उत्तर साधारण किती येईल?’ हा प्रश्न तोंडी विचारावा. ६०० म्हणणारा आणि ६३० म्हणणारा, दोघांनाही ‘कसे?’ विचारावे आणि पटणारे कारण देणाऱ्या दोघांनाही गुण द्यावेत. याला वेळ थोडाच लागतो. त्यातून मुलाला स्वतःचे उत्तर स्वतः तपासता येऊ लागेल, आणि गणिताची भीती कमी व्हायला तिथूनच सुरुवात होईल.