टाळू शिवली, आता कान तपासा

कर्जतहून लोणावळ्याकडे येणारी गाडी बोरघाट चढू लागली की डब्यातल्या अनेकांच्या कानांत दडे बसतात. जाणती माणसे आवंढा गिळतात, आई लेकराच्या तोंडात गोळी घालते आणि कान मोकळे होतात. गिळल्यावर कान का उघडतो? नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना टाळूतला एक स्नायू तिला ओढून क्षणभर उघडतो आणि कानात हवेची ये-जा होते. टाळू म्हणजे इथे डोक्यावरची नव्हे, तोंडाच्या आतले छत.

आता ज्या बाळाची ही टाळूच जन्मतः दुभंगलेली आहे, त्याचा विचार करा. त्याच्या टाळूतला तो स्नायू नीट जोडलेला नसतो, म्हणून नळी पुरेशी उघडत नाही. हवा न मिळालेल्या मधल्या कानात हळूहळू चिकट पाणी साचते. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक तान्ह्या बाळाला हे कधी ना कधी होतेच. कान बहुधा दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या मावळात चार महिने पाऊस आणि ओल. सर्दी झाली की ती नळी आणखी बुजते.

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ ओठ किंवा टाळू दुभंगलेले जन्माला येते. फाटलेला ओठ सर्वांना दिसतो. टाळू तोंड उघडल्यावर दिसते. कानातले पाणी मात्र कुणालाच दिसत नाही. म्हणून सारे घर ऑपरेशनच्या काळजीत असते आणि ते झाले की म्हणते, आता बोलेल हो. पण बोलणे तोंडातून बाहेर पडण्याआधी कानातून आत जावे लागते.

या पाण्यामुळे मूल ठार बहिरे होत नाही. दोन्ही कानांत बोटे घालून ऐकल्यासारखे त्याला ऐकू येते. ताट वाजवले तर ते दचकते, दाराची कडी वाजली तर वळते, आणि आपण निर्धास्त होतो. पण स, फ, त यांसारखे हलके आवाज त्याच्यापर्यंत धड पोचत नाहीत. शिवाय पाणी कधी वाढते, कधी ओसरते. तोच शब्द आज एक वाटतो, महिन्याने दुसराच.

हे घडते तो काळ फार मोलाचा असतो. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या घरात हा फरक कुणी करतच नव्हते. म्हणजे पहिल्या वर्षातच बाळाचा मेंदू ठरवतो, कोणते आवाज वेगळे मानायचे आणि कोणते एकच समजायचे. टाळूचे ऑपरेशन बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. तोवर हा हिशेब बराचसा मांडून झालेला असतो, आणि तोही अर्धवट ऐकून.

दुसरी अडचण बाळाच्या स्वतःच्या आवाजाची. बाळ ‘बा-बा-बा’ करते, स्वतःच ऐकते आणि पुन्हा करते. ओठांची हालचाल आणि कानावर पडलेला आवाज यांची गाठ अशीच बसते. उघड्या टाळूच्या बाळाने ओठ मिटून ‘बा’ म्हटले तरी हवा नाकातून निसटते आणि ऐकू येते ‘मा’.

हे समजायला आपल्या मकतबातला धडा उपयोगी आहे. ‘मीम’ आणि ‘नून’ यांना गुन्ना असतो, म्हणजे त्यांचा आवाज नाकात घुमतो. ‘बे’ला तो नसतो. प्रत्येक हरफाचा मखरज ठरलेला, हे आपली मुले लहानपणीच शिकतात. टाळू दुभंगलेल्या मुलाच्या तोंडी सगळ्याच हरफांत गुन्ना उतरतो. ‘क’ किंवा ‘ट’साठी तोंडात हवा कोंडता येत नाही, म्हणून ते ती खाली गळ्यातच अडवते. ‘काका’ म्हणायला जाते आणि बाहेर पडतात हमजासारखे दोन झटके: ‘आ-आ’. हा आळस किंवा हट्ट नाही. ज्या जागी हवा अडवता आली, तिथे त्याने ती अडवली.

टाळू शिवल्यावर तोंडात हवा कोंडता येऊ लागते, पण गळ्याची सवय आपोआप सुटत नाही. काही मुलांना बरोबर ‘क’ आणि गळ्यातला झटका यांतला फरक ऐकूनही ओळखता येत नाही. काहींना तो दुसऱ्याच्या बोलण्यात कळतो, स्वतःच्या बोलण्यात नाही. अशा मुलाला ‘नीट बोल, नीट बोल’ म्हणून दटावले तर ते काय करणार? आपल्या परीने ते नीटच बोलत असते. शेवटी ते गप्प राहू लागते आणि शाळेत त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसतो.

म्हणून उपचार तोंडासोबत कानापासूनही सुरू व्हावा. वाचातज्ज्ञ शिकवतील त्याला घरी जोड देता येते. पान आणि मान, बाळ आणि माळ, दार आणि नार अशी चित्रे समोर मांडा. ओठांपुढे ओढणी धरून एक शब्द म्हणा आणि मुलाला चित्र उचलू द्या. त्याच्याकडून शब्द म्हणवून घेऊ नका, आधी नुसते ओळखू द्या. दिवसातून दहा मिनिटे पुरे. फुगे फुगवून किंवा पिपाणी वाजवून बोलणे सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका. उस्तादांनी आणि बाईंनी अशा मुलाला पुढच्या रांगेत, आपला चेहरा दिसेल असे बसवावे.

तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी ते झोपेत असतानाही होते. एकदा चाचणी चांगली आली म्हणून थांबू नका. पाणी पुन्हा साचते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा दर काही महिन्यांनी ती पुन्हा करा. पाणी हटत नसेल तर कानाच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. दूध नाकातून येत असेल किंवा पडजीभ दुभंगलेली दिसत असेल, तर ओठ चांगला असला तरी टाळू तपासून घ्या. वरून अखंड दिसणाऱ्या टाळूतही आतले स्नायू फाटलेले असू शकतात.

सोय दूर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येतात, आणि दुभंगलेले ओठ-टाळू व ऐकण्याचे दोष हे दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. उपचार मोफत असतात. अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. लोणावळ्याहून लोकलने पुणे गाठले की ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाणी आणि श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे.

आणखी एक गोष्ट सासवांना आणि नणंदांना सांगायची आहे. ग्रहणात सुरी हाती धरली म्हणून बाळ असे झाले, असे म्हणून सुनेला रडवू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला, तेव्हा खुद्द प्रेषितांनी तो नाकारला. टाळू जुळते ती गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि ती का जुळली नाही याला आनुवंशिकतेसह अनेक कारणे असतात. आईचा त्यात गुन्हा नाही.

तुमच्या घरात, शेजारात किंवा मोहल्ल्यात टाळू शिवलेले मूल असेल, तर या महिन्यात त्याच्या अम्मीला एवढेच विचारा: कान शेवटचा कधी तपासला होता?