गांजाच्या शेतीचा परवाना : कायद्यात वाट आहे, पण काटा कुणाच्या हातात?

कुरुंदवाड : ‘गांजाच्या शेतीला परवानगी, एकरी लाखोंचं उत्पन्न’ असे व्हिडीओ मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. उसाचं बिल लांबलं, वांग्या-टोमॅटोचा दर पडला की शिरोळ तालुक्यातला शेतकरीही असा व्हिडीओ दोनदा बघतो. त्यात थोडं खरं असतं, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. औषधासाठी गांजाची लागवड करायला देशाच्या कायद्यात वाट आहे. पण त्या वाटेवर चालायला लागणारी यंत्रणा महाराष्ट्रात आज नाही. बियाणं, मोजणी, तपासणी, खरेदी यातलं काहीच शेतकऱ्यासाठी उभं राहिलेलं नाही. ती नसताना बांधावर एक झाड लावलं तरी गुन्हा होतो.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची लागवड बंद आहे. मात्र ‘वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठी’, सरकारच्या परवान्याने, ही सूट त्याच कलमात आहे. कलम १० प्रमाणे लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिचं नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कलम १४ प्रमाणे धागा, बी किंवा बागायती कारणासाठीच्या लागवडीला सरकार मुभा देऊ शकतं.

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कायद्याच्या भाषेत ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. पण लागवडीची बंदी पूर्ण झाडावर आहे, त्यामुळे ‘मी फक्त पानासाठी लावलं’ हे सांगून सुटका होत नाही. व्हिडीओत ‘हेम्प’ म्हणतात ते याच जातीचं, नशेचा घटक अगदी कमी असलेलं झाड. आपला हिरवळीच्या खताचा ताग वेगळा. अंबाडीचं पान दिसायला गांजासारखं असलं तरी तीही वेगळी.

विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. उसाच्या फडात नाहीतर हळदीच्या सऱ्यांमध्ये झाडं लपवल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातून येतच असतात. त्यात एक मुद्दा मागे पडतो. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत असं पीक असल्याचं माहीत असून कळवलं नाही, तर जमीनधारकही दोषी ठरतो. कलम ४७ नुसार हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर आहे. रान खंडाने किंवा वाट्याने दिलं म्हणून मालकाने डोळे झाकून चालत नाही. जाणूनबुजून जागा वापरू दिली, तर कलम २५ प्रमाणे त्या गुन्ह्याचीच शिक्षा मालकालाही होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरात गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला खर्चाइतकाही भाव मिळत नाही, हे त्याचं म्हणणं. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. अर्जातलं दुखणं मात्र खरं होतं. अशा अर्जाला ‘हो’ म्हणायचं तर पुढं काय काय करावं लागेल, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

दुसरी राज्यं कुठवर आली?

उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना द्यायला सुरुवात केली. अट अशी की पिकात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी टीएचसीचं खात्रीचं बियाणं मिळणं हीच तिथली मोठी अडचण ठरली. हिमाचल प्रदेशात मंत्री जगतसिंह नेगी यांच्या समितीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांना आधी प्रायोगिक अभ्यास करायला सांगितलं. जम्मूजवळ चाठा इथं सीएसआयआरच्या संस्थेचं औषधी संशोधनाचं पीक आहे, तेही संरक्षित जागेत. म्हणजे देशात जिथं जिथं पाऊल पडलंय, तिथं ते मोजूनमापून पडलंय.

उलट उदाहरण थायलंडचं. तिथल्या सरकारने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे आणि वापराचे पक्के नियम तयार नव्हते. हजारो दुकानं उघडली, माल उदंड झाला, भाव कोसळले आणि हौसेने लागवड केलेले छोटे शेतकरी अडकले. जून २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती करावी लागली. आधी दार उघडलं आणि कुलूप नंतर शोधलं, त्याची किंमत शेतकऱ्यानेही मोजली.

अफूचा नमुना

नशेचं पीक औषधासाठी पिकवायचा अनुभव भारताला नवा नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची शेती परवान्यावर चालते. २०२३-२४ च्या हंगामासाठी सुमारे १ लाख १२ हजार शेतकरी परवान्याला पात्र ठरले होते. ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे अधिकारी रान मोजतात. गावातला मुखिया रोजच्या उत्पन्नाची नोंद ठेवतो. सगळा माल सरकारलाच घालावा लागतो आणि दर सरकार ठरवतं. ठरलेलं किमान उत्पन्न निघालं नाही तर पुढच्या वर्षीचा परवाना जाऊ शकतो. पीक बिघडलं तर अधिकाऱ्यासमोर मोडावं लागतं.

हा बंदोबस्त कडक असूनही चोरवाटेने माल बाहेर जातोच, कारण काळ्या बाजारातला भाव सरकारी दराच्या कितीतरी पट असतो. औषधी गांजाची देशव्यापी योजना आली तर तीही साधारण याच धर्तीवर चालेल, कारण १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार तसंच सांगतो : लागवडीवर एका सरकारी यंत्रणेचं नियंत्रण आणि पीक तिच्याच ताब्यात. नेदरलँड्समध्येही औषधी गांजा एकच सरकारी कार्यालय विकत घेतं आणि औषध दुकानांना पुरवतं. खुल्या बाजारात नेऊन ‘मिळेल त्या भावात’ विकायचं हे पीक नाही.

शिरोळला कळेल असा हिशेब

शिरोळ तालुक्याला हे समजायला लांब जायची गरज नाही. उसाची नोंद कारखान्याकडे, तोड कारखान्याची, काटा कारखान्याचा आणि उताराही कारखान्याच्याच प्रयोगशाळेतला. एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरते, म्हणून काट्यावरून आणि उताऱ्यावरून या भागात इतकी आंदोलनं झाली. औषधी गांजात तर टीएचसीची तपासणी हाच उतारा. फरक एवढाच की उसाचा उतारा कमी दाखवला तर पैसे कमी मिळतात, इथं आकडा मर्यादेपलीकडे गेला तर उभं पीक मोडावं लागतं आणि वर गुन्ह्याची टांगती तलवार. बियाणं, हवा, काढणीची वेळ यांनी हा आकडा बदलतो. शेतकऱ्याची चूक नसतानाही तो वर जाऊ शकतो.

म्हणून योजनेची चर्चा ‘एकरी किती’ इथून सुरू करण्यापेक्षा ‘तपासणार कोण’ इथून सुरू व्हायला हवी. नमुना शेतकऱ्यासमोर सील होणार का? दुसरा नमुना वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवायचा हक्क मिळणार का? बियाणंच सदोष निघालं तर भरपाई कोण देणार? खरेदीचा दर लागवडीआधी लेखी मिळणार का?

नोंदीचा प्रश्नही आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटोसह पीक नोंदवतो. उसाला ते चालतं, पण झाडं मोजून हिशेब द्यायच्या पिकाला नुसता फोटो पुरणार नाही. त्यात कुरुंदवाड-नृसिंहवाडीचा पट्टा कृष्णा-पंचगंगेच्या पुराचा. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला आणि मोजलेली झाडं वाहून गेली, तर ती विकली नाहीत हे शेतकऱ्याने सिद्ध कसं करायचं? किती तासांत पंचनामा व्हायचा, कुणी करायचा, हे नियमात आधीच लिहिलेलं असायला हवं.

शिवाय कुंपण, कॅमेरे, राखण यांचा खर्च आहे. तो एक-दीड एकरवाल्याला झेपत नाही. नियम विचार करून केले नाहीत तर परवाना कंपनीकडे जाईल आणि शेतकरी आपल्याच रानात रोजगारी होईल. यावर उपाय म्हणजे सहकारी संस्थेच्या नावावर एकत्रित परवाना आणि एकच राखलेलं क्षेत्र. सहकार या भागाला नवा नाही, पण मागणी वेळेत मांडावी लागेल.

रुग्णाची बाजू

या सगळ्याच्या मुळाशी रुग्ण आहे. लहान मुलांच्या काही दुर्मिळ अपस्माराच्या प्रकारांत सीबीडी या घटकाच्या औषधाला अमेरिकेने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवरही गांजातल्या घटकापासूनची औषधं वापरली जातात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. आयुर्वेदात हेच झाड ‘विजया’ म्हणून ओळखलं जातं आणि त्याची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. ‘गांजाने कॅन्सर बरा होतो’ या दाव्याला मात्र आधार नाही. बाटलीत किती घटक आहे हे नेमकं माहीत असेल तरच ते औषध. चिलमीतल्या गांजाला ते माप नाही.

तोवर शेतकऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. ‘लायसन काढून देतो, आगाऊ पैसे भरा’ म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नयेत, कारण महाराष्ट्रात शेतकऱ्यासाठी असा परवाना देणारी योजना आज सुरू नाही. कुणाचा करार आला तर सही करण्याआधी तो तहसील किंवा कृषी कार्यालयात दाखवावा. खंडाने दिलेल्या रानात महिन्यातून एकदा तरी आतपर्यंत फेरी मारावी. आणि फडात संशयास्पद झाडं दिसली तर उपटून फेकण्याआधी पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्याला कळवावं. कळवल्याची लेखी पोच जवळ ठेवावी.